कर्नलसाहेब आणि शिपाई: निवृत्तीच्या उंबरठ्यावर

भारतीय लष्करात कर्नल ५४व्या वर्षी निवृत्त होतो. तोवर मुलं बहुधा मार्गी लागलेली. शिपाई चाळिशीच्या आसपासच घरी येतो, मुलं शाळेत, घराचे हप्ते चालूच. पेन्शन दोघांनाही शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. पण त्यात धरला जाणारा मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेतल्या खडतरपणासाठी मिळणारी जादा रक्कम) अधिकाऱ्याला महिना १५,५०० रुपये, जवानाला ५,२००. पुनर्वसनासाठी अधिकाऱ्याला आयआयएमचा २४ आठवड्यांचा कोर्स, जवानाला सिक्युरिटी सुपरवायझर वगैरे. (जवानाची फी पूर्ण सरकार भरतं, अधिकारी ४० टक्के स्वतः भरतो, हेही खरं.) नोकरीत हुद्द्याचा फरक समजू शकतो. पण ईसीएचएसवर (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दवाखान्यात भरती झाल्यावर साहेबांना प्रायव्हेट खोली आणि जवानाला जनरल वॉर्ड, हे काही पटत नाही. तेव्हा दोघंही माजी सैनिकच असतात ना?