जुन्या मियाटासाठी घेतलेलं कॉम्प्रेशन गेज: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे १९९२ ची माझदा एमएक्स-५ मियाटा आहे, १.६ लिटर इंजिनाची. गेल्या सप्टेंबरात इथे डेट्रॉइटजवळ घेतली तेव्हा १ लाख ३८ हजार मैल झाले होते, आणि आधीच्या मालकाकडे ती चार वर्षं जागची हलली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात मी ४७ डॉलरचं कॉम्प्रेशन गेज मागवलं. तेव्हाच अनुभव लिहिला असता तर ‘तिसरा सिलिंडर गेला, इंजिन खोलावं लागणार’ एवढं लिहून मोकळी झाले असते. बरं झालं थांबले.

लहानपणी पुण्यात बाबांचं चेतक नीट चालू होईना की मेकॅनिककाका प्लग काढायचे, भोकावर अंगठा ठेवायचे आणि मला किक मारायला सांगायचे. अंगठा उडाला की म्हणायचे, "दम आहे अजून." गेज हेच काम आकड्यात करतं. पिस्टन वर येताना हवा किती दाबली जाते आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅसकेट यांतून ती किती निसटते, ते काट्यावर दिसतं.

मियाटाला आट्यांचंच गेज हवं. प्लग दोन कॅमच्या मधे खोल विहिरीत बसलेले असतात, तिथे रबरी टोक हाताने दाबून धरायचं गेज पोचतच नाही. माझ्या डब्यात ३०० पीएसआयपर्यंतची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) डायल, लांब होज, १४ मिलिमीटरचं टोक (मियाटाला हेच लागतं) आणि हवा सोडायचं पितळी बटण आहे. होज हातानेच फिरवून बसवायचा, पाना लावायचा नाही. टोकाच्या ओ-रिंगला आधी तेलाचं बोट लावते.

पहिल्या दिवशी प्लगच्या वायरी उपसल्या तर तिसऱ्या विहिरीत काळं तेल साचलेलं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट गळत होतं. प्लग काढण्याआधी ते फडक्याने टिपून घ्या, नाहीतर प्लग निघताच तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि आकडा फुगतो. इंजिन आधी गरम हवं. मग चारही प्लग काढायचे, फक्त एक नाही. हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आहे, त्याचा कनेक्टर काढला की स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद होतात. पेट्रोल चालू राहिलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं आणि आकडा पडतो. बॅटरी डिकीत आहे, तिला मी चार्जर लावूनच ठेवते, कारण स्टार्टर मंदावला तरी आकडा पडतो.

अमेरिकेतल्या मॅन्युअल मियाटात क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, आणि मोजताना ॲक्सिलरेटरही पूर्ण दाबलेला हवा, म्हणजे थ्रॉटल उघडा राहून पुरेशी हवा आत येते. म्हणून आत नवरा बसतो.

"मारू का गं?"

"मार. दोन्ही पाय पूर्ण खाली. सात फटके मोजून थांब."

फटका म्हणजे काट्याची एक उडी. पहिल्यापासून चौथ्या सिलिंडरपर्यंत आकडे आले १७२, १७०, १३८, १६८. सर्वात वरच्यापेक्षा एखादा आकडा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर चौकशी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझा तिसरा जवळजवळ २० टक्के खाली होता. त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर समजलं की शेवटच्या आकड्याइतकंच काटा तिथवर कसा गेला हेही बघायचं असतं. पहिल्या सिलिंडरला काटा पहिल्याच फटक्यात शंभरापलीकडे गेला आणि चौथ्या फटक्याला १७० ला टेकला. तिसऱ्याला ६०, ९५, १२०, १३० असा जिने चढल्यासारखा वर आला. हे रिंगांचं लक्षण. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर काटा बहुधा खालीच अडून राहतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असले तर आधी हेड गॅसकेटकडे बघावं. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजलं, तर १६४. तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते, त्यामुळे आकडा उडी मारतो. दोष व्हॉल्व्हचा असता तर फारसा हलला नसता. चमच्याहून जास्त तेल घालू नका, वरची जागाच कमी होते आणि आकडा खोटा चढतो.

मंडळातल्या एका मित्राकडून लीक-डाउन टेस्टर आणला, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते शोधायचं साधन. तिसऱ्या सिलिंडरमध्ये हवा भरली आणि तेल भरायच्या झाकणाशी कान नेला, तर आतून स्पष्ट फुसफुस. व्हॉल्व्ह गळत असते तर आवाज सायलेन्सर किंवा थ्रॉटल बॉडीतून आला असता, ती दोन्ही गप्प. रिंगाच होत्या, शंका उरली नाही. ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन उतरवायचा सल्ला दिला. पण चार वर्षं उभ्या गाडीत रिंगा झिजलेल्याच असतील असं नाही, खाचांत चिकटूनही बसतात. मी ठरवलं, आधी चालवून बघू.

ऑक्टोबरअखेर तिसरा १४५ झाला. रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी झाकून ठेवली. एप्रिलमध्ये तिसऱ्या भोकात गंज सोडवायचं पातळ तेल घालून दोन रात्री ठेवलं, प्लग न लावता भोकांवर फडकं धरून इंजिन फिरवलं, ऑइल बदललं आणि गाडी बाहेर काढली.

मे महिन्यात मोजलं तर चारही आकडे ११८ ते १२४! गाडी पळत मस्त होती, मग चारही सिलिंडर एकदम कसे बसतील? दोष गेजचा होता. होजच्या टोकात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो दाबलेली हवा परत जाऊ देत नाही. त्याच्यात कार्बनचा कण अडकला होता. मी टायरचा व्हॉल्व्ह पिन काढून तिथे बसवला, दिसायला हुबेहूब तोच. तरी आकडे १४० च्या वर जाईनात. टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खर्ची पडतो. कॉम्प्रेशन गेजसाठी मऊ स्प्रिंगचा वेगळा पिन मिळतो. तो लावल्यावर पहिला पुन्हा १७१. गेज बनवणाऱ्यांनी सूचनापत्रात यावर एक ओळ तरी लिहायला हवी होती. या एका चुकीच्या पिनपायी लोक चांगली इंजिनं उघडत असतील.

घेताना हाही पिन होजच्या टोकाला, प्लगकडच्या बाजूला आहे ना ते बघा. डायलजवळ असला तर अख्ख्या होजमधली हवा सिलिंडरच्या जागेत मिळते आणि आकडा कमी येतो.

अनेकांना पडणारा एक प्रश्न मलाही पडला होता. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट कमी जागेत दाबली जाते तो आकडा, ९.४ आहे. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, गुणाकार १३८ येतो. मग निरोगी सिलिंडर १७० कसा दाखवतो? सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं ते आठवा. दाबलेली हवा गरम होते आणि त्या उष्णतेने दाब आणखी वाढतो. रेशोवरून गेजचा आकडा काढायला जाऊ नये.

अचूकतेबद्दल सांगायचं तर मित्राच्या गेजवर माझाच पहिला सिलिंडर ८ पीएसआय जास्त दाखवतो. त्याने काही बिघडत नाही. चार सिलिंडर आपसात ताडून बघायचे आणि आपल्याच जुन्या आकड्यांशी ताडायचे, यासाठी एकच गेज आणि दर वेळी तीच रीत हवी. मी वहीत तारीख, मैल, गॅरेजचं तापमान आणि पहिल्या फटक्याचा आकडाही लिहिते. उंचावरच्या गावातल्या कोणाच्या आकड्यांशी आपले जुळवू नयेत, तिथे हवाच विरळ असते.

ओ-रिंग एकदा बदलली. पितळी बटण अजून घट्ट आहे, डायलची काच मात्र प्लॅस्टिकची असल्याने चरे पडलेत. या किमतीत मी समाधानी आहे, मऊ पिनचे दोन जादा नग घेऊन ठेवलेत.

जूनमध्ये तिसरा १५६ आला. गेल्या रविवारी गाडी तासभर हायवेवर पळवून आणली आणि गरम असतानाच मोजलं. पहिल्याच फटक्यात तिसऱ्याचा काटा ९५ वर गेला. १७२, १७०, १६१, १७०.