गोव्यातली कंपनी की घरून पुण्याची नोकरी?

डेव्हलपर म्हणून गोव्यातच राहायचं ठरलं की दोन वाटा दिसतात: पर्वरी-वेर्ण्याकडची एखादी छोटी कंपनी, नाहीतर म्हापशातल्या घरी बसून पुण्या-बंगळुरूचं काम. पगारात सहसा दुसरी वाट पुढे, त्यावर वाद नाही.

पण काम शिकायचं असेल तर पहिली दोन-तीन वर्षं मी छोट्या कंपनीच्याच बाजूने. तिथे एकच माणूस डेटाबेस बघतो, सर्व्हरवर बिल्ड (वापरायला तयार सॉफ्टवेअर) चढवतो, ग्राहकाचा फोनही घेतो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, रखडली तर शेजारचा सिनियर ‘एक्स्प्लेन’ (ती क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) चालवून दाखवतो; इंडेक्स, म्हणजे पुस्तकासारखी सूची, नसल्याने अख्खं टेबल वाचलं जातंय, हे डोळ्यांसमोर कळतं. घरून तीच शंका चॅटवर टाकली की उत्तर संध्याकाळी, तेही तुटक.

कोड रिव्ह्यूची, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याची, शिस्त मात्र मोठ्या टीममध्येच अंगात मुरते. छोट्या ठिकाणी डेडलाइन आली की आधी टेस्टवर कात्री चालते, आणि याची मला मनापासून चीड आहे.

घरून काम म्हणजे पावसाळ्यासाठी इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन हिशेबात धराच. चतुर्थीला इथल्या कंपनीत कुणाला काही सांगावं लागत नाही. बाहेरच्या मॅनेजरला इतके दिवस सुट्टी कशाला, हे पटवावं लागतं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन्हीकडे नोटीस पीरियड तपासा. पीएफचा कंपनीचा १२ टक्के वाटा सीटीसीतच (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) धरलाय का, तेही स्पष्ट विचारा.