शुगरने अडलेल्या माणसाला घरी मदत: कुठल्या दाराशी काय विचारतात

आप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा दवाखान्यातून घरी आलेली फाईल दोन बोटं जाड होती. तीन महिन्यांची शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), डॉप्लर (पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी), सगळं तिच्यात होतं. आता हा माणूस स्वतःहून काय करू शकत नाही, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. घरी मदत मिळावी म्हणून आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे नेमकं तेच विचारलं, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, कर्नाटकातल्या सीमाभागात तुम्ही कुठेही असा, वाटा ह्याच चार: आरोग्य केंद्र, दिव्यांग प्रमाणपत्र, विमा आणि पगारी माणूस. कुठून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते आधी कळलं असतं तर आमचे चार महिने वाचले असते.

आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, कारण तिथे पात्रतेची कटकट सर्वांत कमी. कर्नाटक सरकारची गृह आरोग्य योजना 2024 साली कोलारमध्ये सुरू झाली, नंतर राज्यभर गेली. तिच्यात कर्मचारी घरी येऊन 30 वर्षांपुढच्यांची शुगर आणि बीपी तपासतात, औषधं देतात. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन पाहायचं, ही तरतूद वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात 2010-11 पासून आहे. पण मागितल्याशिवाय कोणी येईलच असं नाही. आशा कार्यकर्तीला नुसतं ‘शुगर आहे’ म्हणू नका, कारण शुगर निम्म्या गल्लीला असते. ‘उठून केंद्रापर्यंत येता येत नाही, पायाला जखम आहे’ असं सांगा आणि तिच्या वहीत तसं लिहून घ्यायला लावा. येणारा माणूस तपासेल, गोळ्या देईल, फार तर जखम बघेल. अंघोळ घालणं, संडासला नेणं हे त्याच्या कामात बसत नाही. तेवढी अपेक्षा ठेवली तर ही वाट चांगली आहे.

प्रमाणपत्राची वाट लांबची, आणि लोक चुकतात ते इथेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांत मधुमेह नाही. किडनीचा आजारही नाही, म्हणजे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याला केवळ त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं, पण आज नियम तसा आहे. मोजतात ते गेलेला पाय आणि गेलेली नजर. सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. गुडघ्याखाली पाय गेला तर तेवढे सहज होतात, फक्त पायाचा अंगठा गेला तर होत नाहीत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याने नीट दिसतं, तर 30 टक्केच धरतात.

पण दोन्हीकडे थोडं थोडं गेलेलं असेल तर तिथेच सोडून देऊ नका. टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत, त्याला सूत्र आहे. एका अवयवाचे 60 आणि दुसऱ्याचे 30 असतील तर एकूण 90 होत नाहीत, 70 होतात. मात्र एकाचे 30 आणि दुसऱ्याचे 20 असले तरी एकूण साधारण 43 भरतात, म्हणजे उंबरठा ओलांडला जातो. आमच्या नात्यातल्या एका काकूंची फक्त पायाची तपासणी झाली, डोळ्यांचं कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. कागद परत आला. जिल्हा रुग्णालयात तपासणीला जाताना हाड आणि डोळे अशा दोन्ही विभागांचे कागद बरोबर असू द्या.

अर्ज ऑनलाइन होतो. बऱ्याच ग्रामपंचायतींत दिव्यांगांसाठी नेमलेला ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला गाठा, तो भरून देतो. दिव्यांग पेन्शनचा अर्ज वेगळा, तो नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात), आणि तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो. सगळं कन्नडमध्ये असतं. आपल्यातल्या अनेक म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाही, म्हणून सही किंवा अंगठा करण्याआधी कन्नड येणाऱ्या कोणाकडून तरी मजकूर वाचून घ्याच. पेन्शनच्या रकमेत पूर्ण वेळचा माणूस ठेवता येत नाही. फायदा दुसरीकडेही आहे: घरात कर भरणारा कोणी जुन्या करपद्धतीत असेल, तर दिव्यांग आईवडिलांना सांभाळण्यासाठी त्याला 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा त्यापुढे 1,25,000.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण आमची निराशा इथेच झाली. घरच्या घरी उपचाराचं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं, आणि त्याखालच्या वगळलेल्या आजारांच्या यादीत बहुधा मधुमेह असतो. अंघोळ, कपडे, उठबस यांसाठी लागणारी मदत तर ठरलेल्या कलमाने वगळलेलीच असते. आयुष्मान कार्ड असो की महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी लागू केलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना असो, दोन्ही दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहेत. पाय वाचवायचा असेल तेव्हा ती कार्डं सोन्यासारखी. घरी बाई ठेवायला त्यांचा उपयोग नाही.

उरतो पगारी माणूस. इथे पात्रता एकच, खिसा. म्हणून जेवढं लागतं तेवढंच घ्या. सांभाळायला येणारी बाई आणि शिकलेली नर्स यांच्या पगारात मोठा फरक असतो. एजन्सी दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणते, तेव्हा एएनएम आहे की जीएनएम (नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम, जीएनएम वरचा) हे विचारा आणि नोंदणीचा कागद बघा. इन्सुलिन द्यायचं असेल तर माझा एक प्रश्न ठरलेला आहे: लाल टोपीची सिरिंज कुठल्या बाटलीसाठी? लाल टोपीची 40 च्या बाटलीला, केशरी 100 च्या (हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमधली इन्सुलिनची युनिटं, तो बाटलीवर असतो). 100 च्या बाटलीतून लाल सिरिंजने भरलं तर अडीच पट इन्सुलिन आत जातं. शुगर 70 च्या खाली गेली तर काय करशील, हेही विचारा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे जिला पटकन सांगता येत नाही तिच्यावर रात्र सोपवू नका.

तर कोणी काय निवडावं? जखम ओली आहे पण माणूस हिंडताफिरता आहे, त्याने आरोग्य केंद्र धरावं आणि ड्रेसिंगपुरती नर्स घ्यावी. पाय किंवा नजर कायमची गेली आहे, त्याने त्याच आठवड्यात प्रमाणपत्राचा अर्ज टाकावा, कारण तारखा मिळायला वेळ जातो. डायलिसिसवाल्याच्या घरच्यांनी प्रमाणपत्राच्या मागे दिवस घालवू नयेत. त्याऐवजी डायलिसिसच्या दिवसांपुरता माणूस बघावा आणि जवळच्या तालुका रुग्णालयात मोफत डायलिसिसची सोय आहे का ते विचारावं. यांपैकी कोणाकडेही जाण्याआधी सात दिवस एका वहीत लिहा: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, जेवण, इन्सुलिन, आणि प्रत्येकासमोर कोणी मदत केली, किती वेळ लागला.

आमच्या वहीत रात्रीचं काम जवळजवळ नव्हतंच. सगळी अडचण सकाळी सात ते अकरात होती. चोवीस तासांची बाई ठेवायला निघालो होतो, आता चार तासांची येते. इन्सुलिन मी देते. दुसरा पाय रोज रात्री उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते, कारण तिथे काही टोचलं तर आप्पांना ते कळत नाही.