दुखापतीनंतर नवा कोच: मैदानावरचा की फोनवरचा?

नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, दोन-अडीच महिने धावणं बंद पडलं आणि आता नव्या कोचकडे जायचंय. साताऱ्यातल्या स्पर्धक धावपटूपुढे अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सकाळी साडेपाचला शाहू स्टेडियमवर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभे असलेले सर. दुसरी, पुण्या-बंगळूरला बसून घड्याळाचा डेटा बघणारा आणि रविवारी रात्री आठवड्याचं शेड्यूल पाठवणारा ऑनलाइन कोच. शेड्यूल कुणाचं भारी, ही चौकशी आधी बाजूला ठेवा. पुनरागमनाच्या पहिल्या १२ आठवड्यांची शेड्यूल्स बहुतेक चांगल्या कोचची सारखीच निघतात. ‘आज धावू नकोस’ हे कोण आणि किती लवकर सांगेल, त्यावर निवड करायची.

त्याआधी दुखापत नेमकी कुठली ते पक्कं असू द्या. नडगीची आतली कड अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत जा. पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचा पट्टाच ठणकत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे चीर नसलेलं, ताणामुळे आलेलं नडगीचं दुखणं. एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल तर चिरेचा संशय धरायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो आणि माणूस ‘काही नाही’ म्हणून पुन्हा मैदानावर जातो. खात्री एमआरआयने होते. चीर नडगीच्या पुढच्या बाजूला, पावलाच्या नॅव्हिक्युलर हाडात किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत कोणत्याच कोचने धावायला लावू नये.

दुखण्याचा नियमही दुखापतीनुसार बदलतो. अकिलीस टेंडनला, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेला, दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं, तर साधारणपणे चालतं. हाडाला शून्यच हवं. पहिल्या भेटीत कोचला हा फरक विचारा. हाडाच्या बाबतीतही ‘थोडं दुखणारच, चालू दे’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा.

मैदानावरच्या सरांची खरी ताकद डोळा आणि कान. धावपटू स्वतः ‘बरं आहे’ म्हणत असतो, पण तिसऱ्या फेरीत एक पाऊल जास्त जोरात आपटतं, कंबर एका बाजूला झुकते, वळणावर खांदा वर जातो. हे घड्याळात उमटत नाही. चांगले सर तिथेच हाक मारतात, बूट काढायला लावतात, एका पायावर उड्या मारून बघायला सांगतात.

त्यांची अडचण म्हणजे घोळका. आपल्याकडे मैदानावर निम्मी पोरं पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि भरती तोंडावर आली की रोज जोरातच. त्यात दुखापतीतून उठलेला धावपटू एकटा, वेगळ्या गतीने फिरत असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सायकल आणि पोहण्यामुळे दम शाबूत असतो, पाय हलके वाटतात आणि ‘दोनच रिपीट (जोरातल्या फेऱ्या) मारतो’ म्हणून तो घोळक्यात घुसतो. छातीचा दम महिनाभरात परत येतो, हाडाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पुन्हा चीर जाण्याचा धोका याच आठवड्यांत असतो. शिवाय सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने, म्हणजे आतल्या पायावर वळणाचा ताण रोज तसाच. मैदान रिकामं असताना उलट दिशेने किंवा बाहेरच्या लेनमधून धावू देतात का, ते आधीच विचारून ठेवा.

ऑनलाइन कोचची ताकद नोंदीत आहे. सलग तीन आठवडे किलोमीटर हळूच चढत गेलेत, झोप कमी झालीय, ‘इझी’च्या दिवशी हार्टरेट जास्त येतोय, हे मैदानावर तीस पोरांकडे बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तीन महिने पाळी आली नसेल, तर हाड कमजोर होण्याचा तो मोठा इशारा असतो. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय, असा त्याचा बऱ्याचदा अर्थ. मैदानावर सरांना हे सांगायला संकोच वाटतो, आणि बरेच सर विचारतही नाहीत. ऑनलाइन कोचच्या फॉर्ममधल्या रकान्यात लिहिणं सोपं जातं. मुलगा असो की मुलगी, डी जीवनसत्त्वाची तपासणी दोघांनीही करून घ्यावी.

पण आकडा लंगडत नाही. घड्याळात ‘रिकव्हरी’ पूर्ण दाखवत असली, तरी त्या घड्याळाला हाडातलं काही कळत नाही. घाटाच्या वळणांत जीपीएसचा पेसही उड्या मारतो. म्हणून ऑनलाइन कोच घ्यायचा तर आठवड्याला व्हिडिओ पाठवण्याची अट तुम्हीच घाला. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर दगडाला टेकवून ठेवा, एकदा मागून आणि एकदा बाजूने, स्लो मोशनमध्ये अर्धा-अर्धा मिनिट. धावून पाय थकल्यावरचा घ्या, कारण ताज्या पायांची चाल सगळ्यांचीच सुंदर दिसते.

सुरुवातीचा ढाचा साधारण असा असतो. ४५ मिनिटं झपाझप चालून दुखत नाही, एका पायावर दहा उड्या कळ न येता होतात, दुखऱ्या पायावर टाच उचलण्याचे वीसेक रेप होतात, तेव्हाच सुरुवात. दिवसाआड एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. दोन-तीन सत्रं निर्वेध गेली की दोन मिनिटं धावणं, तीन मिनिटं चालणं; मग तीन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. चार-पाच आठवड्यांत सलग २० ते ३० मिनिटं. मधल्या दिवशी सायकल, किंवा विहिरीत ट्यूब बांधून पाण्यातलं धावणं. अर्थात काठावर कोणीतरी हवंच. आधी अंतर, मग वेग, सगळ्यात शेवटी उतार.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटाबाबत दोन्हीकडचे कोच चुकतात. चढावर नडगीला धक्का कमी बसतो, पोटरी आणि अकिलीस मात्र ओढली जाते. उतारावर उलट. म्हणून हाडाची दुखापत असेल तर चढ धावून जायचा आणि खाली गाडीवर बसून यायचं. अकिलीसवाल्याने सुरुवातीला घाट टाळून सपाट रस्ता धरावा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, जाताना चढ आणि परतीला उतार. एप्रिलमध्ये चीर सापडली आणि जूनच्या मध्यावर धावणं सुरू झालं, तर त्या वर्षी त्या उतारावर शर्यतीच्या वेगाने उतरणं हा जुगार आहे. जो कोच नाव नोंदवायची घाई करतो, त्याच्याकडे कोणतंही प्रमाणपत्र असो, तो नको.

नव्या कोचचा आणखी एक धोका म्हणजे सगळं एकदम बदलण्याचा उत्साह. बूट नवे, पाऊल टाकण्याची पद्धत नवी, मैदान नवं. टाचेऐवजी पुढच्या पायावर उतरायला लावलं की ताण नडगीवरून पोटरीवर आणि पावलाच्या हाडांवर सरकतो, नाहीसा होत नाही. काही बदलायचंच तर मिनिटाला पडणारी पावलं पाचेक टक्क्यांनी वाढवा, बाकी तीन महिने जसंच्या तसं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ला रिओच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्यामुळे आपल्याकडे कोच स्टीपलचेस सुचवतातच. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. भरलेल्या चिरेवर ते वर्षभर तरी नको.

आमचा कौल: हाडाची दुखापत असेल, सर आठवड्यातून तीन दिवस स्वतः बघणार असतील आणि घोळक्याबाहेरचं शेड्यूल देणार असतील, तर पहिले १२ आठवडे मैदान. तेवढं जमत नसेल, किंवा तुम्ही पाटण, खटावसारख्या ठिकाणी राहत असाल, तर ऑनलाइन कोच आणि जोडीला दर आठवड्याला फिजिओ. अकिलीसच्या व्यायामात उचलायचं वजन महिनोन्‌महिने मोजून वाढवावं लागतं, तिथे ऑनलाइन उजवा. दोघांनाही ठेवायचं असेल तर शेड्यूल एकानेच लिहायचं, दुसऱ्याने फक्त बघायचं. आणि पैसे भरण्याआधी दोघांनाही एकच प्रश्न टाका: मंगळवारी धावताना नडगीत त्याच जागी कळ आली, तर बुधवारी काय करायचं? ‘तिथेच थांब, चालत घरी जा, मला फोन कर, बुधवारी धावणं नाही’ एवढं जो पटकन सांगेल, त्याच्याकडे फी भरा.