चिवडा सुपरमार्केटात न्यायचाय: रजिस्ट्रेशनवर भागेल, लायसन्स काढावं, की दुसऱ्याकडून बनवून घ्यावं?

बेळगावच्या शहापूर-वडगावात घरून चिवडा-चकली विकणारे असोत की खानापूर-निपाणीकडचे बचत गट, सुपरमार्केटवाला माल चाखून खूश झाला की पुढचा प्रश्न ठरलेला: "कागद काय काय आहेत?" तिथून तीन वाटा फुटतात. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या साध्या रजिस्ट्रेशनवर चालवायचं, त्याच्या वरच्या पायरीचं स्टेट लायसन्स काढायचं, नाहीतर लायसन्स असलेल्या युनिटमध्ये माल बनवून घेऊन आपल्या नावाने विकायचा.

रजिस्ट्रेशन सगळ्यात स्वस्त. 2011 च्या नियमावलीत त्याची फी वर्षाला 100 रुपये आणि उलाढालीची मर्यादा 12 लाख होती. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर दिसेल तेच धरा. दिवाळीचा फराळ आणि गल्लीतली चार दुकानं एवढाच पसारा असेल तर मी पुढे जायला सांगणार नाही. रजिस्ट्रेशनवर दुकानाला माल देता येतो, कायद्याची आडकाठी नाही. अडतं ते मोठ्या चेनच्या दारात. पाकिटावरच्या 14 आकडी नंबराची सुरुवात 2 ने असेल तर रजिस्ट्रेशन, 1 ने असेल तर लायसन्स. खरेदीवाल्याची नजर आधी तिथे जाते.

लायसन्सची फी त्याच नियमावलीत छोट्या उत्पादकाला वर्षाला 3000 रुपये होती. फी कोणालाही परवडते, खरा खर्च जागेचा. लायसन्सवाल्या युनिटमधून राहत्या घरात थेट ये-जा चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत कढई मागच्या सोप्यात आणि तिथून दार थेट माजघरात. ते दार बुजवून बाहेरून वेगळी वाट काढावी लागते. भावकीच्या सामायिक घरात हीच गोष्ट सगळ्यात अवघड. मग धुता येतील अशा भिंती, खिडक्यांना जाळी, कच्चा माल आणि तयार माल वेगळा, पाण्याचा रिपोर्ट, कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी. दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त लॅबमध्ये मालाची चाचणी आणि 31 मे पर्यंत वार्षिक रिटर्न. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. हा नियम रजिस्ट्रेशनवाल्यालाही आहे, पण लायसन्स असलं की तपासणीची पाळी लवकर येते.

तिसऱ्या वाटेत जागेची कटकट नाही. तरी मार्केटर, म्हणजे आपल्या नावाने विकणारा, म्हणून तुमचा स्वतःचा नंबर लागतोच, आणि पाकिटावर बनवणाऱ्याचाही नंबर येतो. ज्याच्या भाजणीवर तुमचं नाव झालं ती भाजणी दुसऱ्याच्या गिरणीत जाते, हे मला खटकतं. शेंगदाणा लाडू किंवा साध्या शेवेला चालेल. घरच्या खास चकलीला नको.

आता सीमाभागाचं गणित. लायसन्स माल जिथे बनतो त्या जागेचं असतं. मच्छे-उद्यमबागेत युनिट असेल तर कर्नाटकाचं, चंदगड तालुक्यातल्या शिनोळी एमआयडीसीत असेल तर महाराष्ट्राचं. दोन्हीकडून माल देशभर विकता येतो, त्यामुळे "पलीकडचं लायसन्स बरं" या चर्चेत दम नाही. फरक पडतो जीएसटीत. बेळगावातच विकाल तर 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नसली तरी चालते. पण गडहिंग्लजला किंवा गोव्याला पहिली पेटी जायच्या आधी नोंदणी हवी, उलाढाल कितीही असो. कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्यांसाठीची ठोक दराची सोपी जीएसटी योजना) राहून राज्याबाहेर विकता येत नाही. बेळगावकराचं निम्मं गिऱ्हाईक हद्दीपलीकडे असतं, म्हणून जागा ठरवण्याआधी माल कुठे विकणार हे ठरवा.

लेबलवर तर तीन भाषा एकत्र येतात. एफएसएसएआयला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी हवीच. नुसत्या मराठीत छापलेलं पाकीट चालत नाही. कर्नाटकाने फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात बनणाऱ्या मालावर कन्नड नाव छापायचा आदेश काढला. आणि गिऱ्हाईक वाचणार मराठी. 200 ग्रॅमच्या पाकिटाच्या पाठीवर घटक, पोषणमूल्यं, शेंगदाण्याची ॲलर्जी सूचना, बॅच, तारीख, एमआरपी, हिरवी खूण आणि तक्रारीचा फोन नंबर बसवायचाय. वजनमापे खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणीही वेगळी करावी लागते. पाकिटं छापायचे सिलिंडर बनवायला टाकण्याआधी प्रूफ माहितगाराला दाखवा. चुकलेली पाकिटं रद्दीच्याही कामाची नसतात.

एजंट लोक यात आयएसओ 22000 आणि हॅसेप ही अन्नसुरक्षेची ऐच्छिक सर्टिफिकेटं घुसडतात. खरेदीदाराने लेखी मागितलं नसेल तर आज घेऊ नका. मागितलंच, तर देणारी संस्था एनएबीसीबीची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आहे का ते आधी बघा. दोन दिवसांत मेलवर येणारं सर्टिफिकेट मोठ्या चेनच्या ऑडिटमध्ये टिकत नाही.

माझा कौल: महिन्याला तीन-चार सुपरमार्केटांची पक्की ऑर्डर हातात असेल तर स्वतःचं लायसन्स. त्याला आणखी एक कारण आहे. सुपरमार्केटं उधारीवर माल घेतात. उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) फुकट होते, आणि ती असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे 45 दिवसांत द्यायचं बंधन 2006 च्या एमएसएमई कायद्याने खरेदीदारावर घातलंय. दुसऱ्याकडून बनवून फक्त विकणारा व्यापारी ठरतो, आणि व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.