ऑडिटची नोटीस आली: उत्तर आपण लिहायचं की सल्लागाराकडून घ्यायचं?

२०-३० खाटांच्या रुग्णालयाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या (राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या) जुन्या क्लेमबद्दल, म्हणजे उपचारांपोटी योजनेकडून घेतलेल्या पैशांबद्दल, आक्षेप घेऊन ते परत मागणारी नोटीस येते, तेव्हा डॉक्टरांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. उत्तर आपल्याच माणसांनी तयार करायचं, नाहीतर बाहेरचा क्लेम सल्लागार किंवा वकील गाठायचा. मागितलेली रक्कम मुकाट भरून टाकणं ही तिसरी वाट. चूक खरोखरच झाली असेल तरच ती धरा, आणि तेव्हाही कारण लेखी देऊनच.

माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. रुग्ण पाचव्या दिवसापर्यंत का ठेवला, हे ज्यानं त्याला तपासलं त्यालाच नीट सांगता येतं. न्यूमोनियाची केस घ्या. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती स्थिर’ एवढंच असतं, म्हणून तपासनीस विचारतो की इतके दिवस कशाला? पण तिसऱ्या रात्री ताप पुन्हा चढला, ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, ही नोंद नर्सिंग नोट्समध्ये असते. ते पान शोधून, त्यावर वेळ दाखवून चार ओळी लिहिल्या की आक्षेपाला थेट उत्तर मिळतं. ‘गरजेनुसार उपचार केले’ या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही. या वाटेची अडचण वेळेची आहे. ओपीडी सांभाळून डॉक्टर रात्री फाइली उघडतात आणि नोटिशीतली मुदत हातची जाते. उत्तरात राग उतरतो, तोही नुकसानच करतो.

सल्लागाराला मुदती, पोर्टल, अपिलाची पायरी हे सगळं पाठ असतं. ते मोलाचं आहे. पण तो रुग्ण त्यानं पाहिलेला नसतो, आणि एकच मजकूर ३० फाइलींना चिकटवला तर तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वाचवलेल्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला मी काम देणार नाही. आणि ‘पेपर तेवढे पूर्ण करून घ्या’ असं जो म्हणेल, त्याला त्याच क्षणी थांबवा. राहिलेली माहिती आजची तारीख टाकून, सहीनिशी, वेगळ्या कागदावर देता येते. तीच मागच्या तारखेनं केस पेपरवर चढवली, तर वसुलीच्या प्रकरणाचं बनावट कागदपत्रांचं प्रकरण होतं. एका पानामुळे बाकीच्या खऱ्या फाइलींवरचाही विश्वास उडतो.

मग ठरवायचं कसं? नोटिशीची भाषा पाहा. कागद अपुरे, रुग्णाला बसवलेल्या स्टेंटचा किंवा लेन्सचा स्टिकर फाइलीत नाही, वैद्यकीय गरज दिसत नाही, एवढंच असेल तर उत्तर आपणच द्या. फसवणूक, निलंबन, योजनेतून वगळणं असे शब्द असतील तर एक ओळही पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. निलंबन झालं तर फटका फक्त रुग्णालयाला बसत नाही; तालुक्यातल्या पेशंटला त्याच ऑपरेशनसाठी जिल्ह्याला जावं लागतं.

वाट कुठलीही असो, आधी फाइलींचे तीन गठ्ठे करा: पूर्ण बरोबर, उपचार खरा पण कागद कमी, आणि चुकीचं पॅकेज (त्या उपचारासाठी योजनेनं ठरवलेली रक्कम) लागलेल्या. तिसऱ्या गठ्ठ्याची रक्कम स्वतःहून परत देऊ करा. पहिल्या गठ्ठ्यातला एकही रुपया सोडू नका.