तिथी आणि कबर
आजी गेली तेव्हा दहाव्याला नदीकाठी दर्भावर भाताचा पिंड ठेवून आम्ही तासभर कावळ्याची वाट पाहिली. शिवेना. शेवटी काकांनी हात जोडून 'धाकट्याचं लग्न आम्ही लावून देऊ' म्हटलं, आणि कावळा उतरला. माझा गळा दाटून आला. आपल्यात देह पंचमहाभूतांना परत द्यायचा. आत्मा पुढचा जन्म घेतो. मागे उरते तिथी, भाद्रपदातला म्हाळ.

शेजारच्या ख्रिस्ती घरात जन्म एकच. देह मातीत पुनरुत्थानाची वाट पाहतो, आत्म्याच्या शुद्धीसाठी सातव्या दिवशी मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, शेजारच्या आंटी नवऱ्याच्या कबरीवर फुलं वाहतात. मेणबत्ती वाऱ्यानं विझली की ओंजळीच्या आडोशाला धरून पुन्हा लावतात. गोव्यात बऱ्याच दफनभूमींत जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तरी भेटायला ठिकाण राहतंच.

मला ते ठिकाण हवंसं वाटतं. दुःखाला टेकायला जागा लागते. आजीची राख मांडवीत सोडली. आठवण फारच दाटली की मी पुलावर जाऊन उभा राहतो.

पण तिची राहिलेली इच्छा आम्हाला कळली ती कावळ्यामुळेच.